सोंग आणि नाव

(पाचोड येथे माझ्या शाळेतल्या सरांच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आज मोसंबीची आवक जास्त होती, हर्राशी लांबली, म्हणून सभा अर्धा तास उशिरा सुरू होते आहे. त्याबद्दल संयोजकांनी माझी माफी मागितली. मी म्हटलं, पाचोडात मोसंबीसाठी थांबावं लागलं तर त्यात माफी कसली? शिवाय आजच्या विषयाला मोसंबी लागणारच आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘बहुरूपता’. चहाच्या टपरीवर एका काकांनी मला विचारलं, “रायरंदांवर बोलणार का?” रायरंद म्हणजे सोंगं घेऊन फिरणारा बहुरूपी. मी हो म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नसावं, पण मी खरंच बोलणार आहे.

आधी माझी एक फजिती सांगतो. मी रसायनशास्त्राची पदवी घेतली, त्यावर संगणकाचा एक कोर्स केला आणि नोकरीच्या मुलाखतीला पुण्याला गेलो. तीन माणसं समोर बसलेली. पहिलाच प्रश्न आला, “पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय?” मला आनंद झाला. सरांनी शिकवलेलं, महाविद्यालयात पक्कं झालेलं. मी सुरू झालो: एकाच पदार्थाचे रेणू दोन-तीन तऱ्हांनी रचले जातात, स्फटिक वेगळे होतात, घनता वेगळी, विद्राव्यता वेगळी. मी गंधकापर्यंत पोचलो तेव्हा मधले गृहस्थ हसू दाबत होते. त्यांना प्रोग्रॅमिंगमधला पॉलिमॉर्फिझम हवा होता. नोकरी हुकली. कोणती कंपनी ते सांगत नाही. चूक माझी नव्हती आणि त्यांचीही नव्हती. चूक त्या शब्दाची होती. पुढं पंचवीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहूनच पोट भरलं, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. रसायनवाल्यांचा, जीवशास्त्रवाल्यांचा आणि संगणकवाल्यांचा पॉलिमॉर्फिझम ही एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत, की तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलंय?

हा प्रश्न नीट पाहिलात तर तो स्वतःच बहुरूपतेचा प्रश्न आहे.

सरांपासून सुरुवात करतो. आठवीत असताना सरांनी आम्हाला तुरटीचं पाणी करायला लावलं होतं. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, दोऱ्याला तुरटीचा एक बारीक खडा बांधून आत सोडायचा आणि बरणीला हात लावायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खडा वाढलेला, आठ सपाट बाजूंचा, जणू कुणी घासून काढलाय. मी विचारलं, “सर, याला कसं कळतं कुठं थांबायचं?” सर म्हणाले, “त्याला कळत नाही. एकावर एक थर तसेच बसतात.” मग थोडं थांबून म्हणाले, “तसेच बसतात म्हणजे दुसऱ्या तऱ्हेनं बसणारच नाहीत, असं मात्र समजू नको.”

दुसऱ्या तऱ्हेनं बसतात हे पहिल्यांदा ठासून सांगणारा माणूस म्हणजे जर्मनीतला आयलहार्ट मिट्शरलिख. गंमत अशी की हा मूळचा फारसी भाषेचा विद्यार्थी. इराणला जायचं म्हणून शिकत होता, ते जमलं नाही, आणि रसायनशास्त्रात आला. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं दाखवलं की एकच फॉस्फेट क्षार दोन वेगळ्या घाटांच्या स्फटिकांत मिळतो, आणि गंधकही तसंच. तोवर धारणा अशी होती की घटक वेगळे तर स्फटिक वेगळा; स्फटिक पाहावा आणि पदार्थ ओळखावा. १८३२ मध्ये व्होलर आणि लीबिग यांना बेंझामाइडमध्ये, म्हणजे कार्बनी पदार्थातही, तसंच दिसलं.

पाचोडला यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. बाग लावण्याआधी तुम्ही माती तपासता, कारण चुनखड जास्त असली तर मोसंबीच्या झाडाला लोह उचलता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती चुनखड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या या रूपाचं नाव कॅल्साइट. आता नदीकाठी मिळणारा शिंपला उलटा करून पाहा. आतला तो चकाकता थर, मोत्याचं अस्तर, तेही कॅल्शियम कार्बोनेटच. घटक तेच, प्रमाण तेच, रचना वेगळी. त्याला अ‍ॅरागोनाइट म्हणतात. एक घन सेंटिमीटर कॅल्साइटचं वजन २.७१ ग्रॅम, अ‍ॅरागोनाइटचं २.९३. बागायतदार ज्याच्या नावानं बोटं मोडतो आणि सराफ ज्याला मखमलीत ठेवतो, ते रसायनाच्या वहीत एकाच ओळीत लिहिलं जातं.

उन्हाळ्यात किराणा दुकानात वितळून पुन्हा गोठलेलं चॉकलेट तुम्ही पाहिलं असेल. पांढुरकं होतं, दाताखाली भुसभुशीत लागतं. दुकानदार म्हणतो, माल तोच आहे. खोटं बोलत नाही तो. कोकोच्या चरबीची सहा स्फटिकरूपं आहेत. तुम्हाला आवडतं ते पाचवं, जे तोंडाच्या उबेला विरघळतं. कारखान्यात ते रूप धरून ठेवायला बरीच खटपट करतात. दुकानातल्या उन्हानं ते रूप मोडतं.

चॉकलेटवर भागलं तर हसून सोडता येतं, औषधात तसं होत नाही. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध अ‍ॅबट कंपनीनं १९९६ मध्ये बाजारात आणलं. १९९८ मध्ये कॅप्सूलच्या काही खेपा तपासणीत नापास होऊ लागल्या. औषध नीट विरघळेना. शोधलं तर रेणू तोच, पण स्फटिक दुसरा; तोवर जगात कुणी न पाहिलेला, जास्त स्थिर आणि म्हणूनच कमी विरघळणारा. आणि एकदा तो आला की आधीचा स्फटिक करणंच अवघड होऊन बसलं. विरजणाचं जसं असतं ना, एक थेंब पडला की सगळं भांडं त्याच वाटेनं जातं, तसं. नव्या स्फटिकाचा न दिसणारा कणही बीजाचं काम करतो. शेवटी त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या, औषध नव्या स्वरूपात बनवावं लागलं.

इथं थोडं थांबू, कारण मला आज जे म्हणायचं आहे ते इथं पहिल्यांदा डोकावतं. रासायनिक पृथक्करण करणाऱ्यानं विचारलं, “यात काय आहे?” दोन्ही स्फटिकांनी एकच उत्तर दिलं: रिटोनाव्हिर. रुग्णाच्या पोटानं विचारलं, “विरघळतोस का?” तिथं उत्तरं फुटली. मग वस्तू एक की दोन? विचारणारा कोण आणि तो काय विचारतो, यावर ते ठरतं. हे सूत्र हातात धरून आता बागेत जाऊ.

मोसंबीच्या कोवळ्या फुटीवर अळी पडते. लहान असते तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि बोटानं डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. यातल्या बऱ्याच अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या असतात, पण काही त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या एका फुलपाखराच्या. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटस, इंग्रजांनी ठेवलेलं नाव कॉमन मॉर्मन. मी आजच्यापुरतं त्याला बहुरूपी म्हणतो. दारातल्या कढीपत्त्यावरही याच्या अळ्या येतात. विष्ठेसारखी अळी पुढं हिरवी होते त्याला बहुरूपता म्हणू नका हं. ती एकाच जिवाची वयं आहेत. बहुरूपता म्हणायची तर एकाच वेळी, एकाच रानात, एकाच वयाचे जीव वेगवेगळ्या रूपांत हवेत.

या फुलपाखराचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा. नरांचं एवढंच रूप. माद्या मात्र तीन तऱ्हेच्या. एक अगदी नरासारखी. दुसरी कॉमन रोझ नावाच्या फुलपाखरासारखी, मागच्या पंखावर पांढरा डाग आणि लाल ठिपके. तिसरी क्रिमसन रोझसारखी, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागं लाल खुणा. ही रोझ मंडळी खरीच विषारी. त्यांच्या अळ्या शेताच्या बांधावरच्या किडामारीसारख्या वनस्पती खातात आणि त्यांचं विष अंगात साठवतात. पक्ष्यानं एकदा चोच मारली की पुन्हा त्या लाल खुणांच्या वाटेला जात नाही. आमची बहुरूपीण मोसंबी नाहीतर कढीपत्ता खाऊन वाढलेली, तसलं विष तिच्या अंगात नाही. पण लाल खुणा पाहून पक्षी तिलाही सोडतो.

आल्फ्रेड रसेल वॉलेसनं, डार्विनच्या बरोबरीनं उत्क्रांतीचा विचार मांडणाऱ्या माणसानं, १८६५ मध्ये छापलेल्या निबंधात मलाया द्वीपसमूहातल्या या माद्यांवर लिहिलं. ज्यांना त्याआधी स्वतंत्र जातींची नावं मिळालेली होती, त्या एकाच जातीच्या माद्या आहेत, हे त्यानं ओळखलं. एका नराला तीन तऱ्हेच्या बायका, म्हणून इंग्रजांनी बहुपत्नीत्वाबद्दल प्रसिद्ध असलेल्या मॉर्मन पंथाचं नाव दिलं, असं सांगतात. नामकरण करणाऱ्या साहेबांचा विनोद होता तो. फुलपाखरांना त्याचं सोयरसुतक नाही.

पुढचं कोडं जास्त खोल होतं. पंखाचा रंग, ठिपक्यांची जागा, पट्ट्याचा आकार हे सगळं एकदम बदलतं, अर्धवट मिसळ सहसा दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांना वाटे की शेजारी शेजारी बसलेली अनेक जनुकं गाठ मारल्यासारखी एकत्र वारशानं जात असावीत. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. त्याचे पहिले लेखक कृष्णमेघ कुंटे, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले आपले मराठी फुलपाखरूतज्ज्ञ. त्यांना आणि शिकागोच्या सहकाऱ्यांना आढळलं की ही सगळी करामत ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाकडे आहे. कीटकांमध्ये नर घडवायचा की मादी, या कामात असलेलं हे जुनं जनुक. या फुलपाखरात त्याची वेगवेगळी रूपं आहेत. सोंगाचं रूप वरचढ. दोन प्रतींपैकी एक जरी त्याची असली तरी लेक सोंग घेऊन येते. आणि बाप? सोंगाचं जनुक नरातही असतं, पण त्याच्या पंखावर काही उमटत नाही. तो ते गुपचूप बाळगतो आणि लेकीला देतो. त्यामुळं नरासारख्या दिसणाऱ्या मादीनं तुमच्या एकाच झाडावर घातलेल्या अंड्यांतून दोन तऱ्हेच्या लेकी निघू शकतात. आईकडे पाहून लेकींचं रूप सांगता येत नाही.

सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? नेहमी दिलं जाणारं उत्तर बाजारासारखं आहे. खोट्या नोटा थोड्या असतात तोवर चालतात. सोंगं फार झाली की पक्ष्यांना लाल खुणांमागं गोड मांस वारंवार मिळतं आणि धाक उतरतो. मग सोंगाचा फायदा कमी होतो. हे उत्तर मला पटतं, पण पूर्ण नाही. सोंगाची काही छुपी किंमतही असणार, असं मला वाटत राहतं.

बहुरूपता माणसातही आहे. तुमचा रक्तगट हीच बहुरूपता. कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये मांडलेले गट आपण गाडी चालवण्याच्या लायसन्सवर लिहितो. पण त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट आपल्या मुंबईत सापडली. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा गट नोंदवला. जगभर त्याला आजही बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात; शहराचं नाव बदललं, रक्ताचं बदललं नाही. ए आणि बी या खुणा लाल पेशीवर बसायला आधी एक जोतं लागतं, त्याला एच म्हणतात. ‘ओ’ गटाच्या माणसाकडे भिंती नसतात, नुसतं जोतं असतं. बॉम्बे गटाच्या माणसाकडे जोतंच नसतं. नेहमीच्या तपासणीत विचारतात, ए आहे का? नाही. बी आहे का? नाही. मग लिहा ‘ओ’. पण त्याच्या शरीरानं जोतं कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं ‘ओ’चं रक्त चढवलं तर शरीर त्या जोत्यावरच तुटून पडतं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो, युरोपात दहा लाखांत एक. दोन प्रश्नांपर्यंत दोघं एकच होते. तिसरा प्रश्न विचारला तेव्हा दोन झाले. आणि तो वेळेवर विचारला नाही तर जीव जातो.

विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारं सिकलसेलचं जनुकही याच घरातलं. एक प्रत असली तर मलेरियापासून आडोसा, दोन असल्या तर आजार. त्यावर एक वेगळं व्याख्यान व्हावं, आणि ते डॉक्टरांनी द्यावं.

आता माझ्या पोटापाण्याच्या धंद्याकडे येतो. मुलाखतीत ज्यावर आपटलो ते.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला संगणकाची एक उन्हाळी शाळा भरली होती. तिथं ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाच्या इंग्रज माणसानं व्याख्यानं दिली. त्यांची टिपणं हातोहात फिरली, छापली गेली २००० मध्ये. तोवर स्ट्रेचीला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. व्याख्यान देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, म्हणजे लिखित पाठ वेळेवर देण्याचा संयोजकांचा आग्रह सोसतो. त्या टिपणांत स्ट्रेचीनं पॉलिमॉर्फिझमचे दोन प्रकार पाडले.

पहिला प्रकार सांगायला मला मराठीतलं ‘काढणं’ हे क्रियापद पुरतं. आपण धार काढतो, ज्वारी काढतो, रांगोळी काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, आणि कर्ज काढून वाईट दिवसही काढतो. शब्द एक, कामं सहा. यातल्या दोन कामांचंही एकमेकांशी नातं लावायचं तर ओढूनताणून लावावं लागेल. पुढं ‘धार’ आली की एक अर्थ, ‘कर्ज’ आलं की दुसरा. संगणकात अधिकचं चिन्ह असंच असतं. पूर्णांकांची बेरीज यंत्र एका रीतीनं करतं, दशांशांची दुसऱ्या. काही भाषांत दोन शब्दांमध्ये अधिक टाकलं तर ते शब्द जोडून देतं. हा तात्पुरत्या सोयीचा पॉलिमॉर्फिझम.

दुसरा प्रकार क्रेटचा. क्रेटमध्ये मोसंबी भरा, टोमॅटो भरा, डाळिंब भरा. थप्पी लावायची रीत तीच. सर्वांत वरचं क्रेट आधी उतरवायचं हेही तेच. हमालाला आतल्या मालाशी घेणं नाही, म्हणूनच त्याची रीत कुठल्याही मालाला चालते. प्रोग्रॅम लिहिताना अशी रीत एकदा लिहिली की झालं. रॉबिन मिल्नरनं १९७८ मध्ये यामागचं गणित पक्कं केलं.

तिसरा प्रकार स्ट्रेचीच्या यादीत नव्हता, पण तो त्याच सुमारास ऑस्लोमध्ये आकार घेत होता. नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ ही भाषा केली. व्यवहारातल्या रांगांची, वाहतुकीची नक्कल संगणकात करायची, हा तिच्या घराण्याचा धंदा. मुलाखतीत मला हा प्रकार विचारला होता. आता तो मी असा सांगतो.

समजा, मी आडतीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहितोय. शेतकरी माल आणतो, पट्टी काढायची. नवशिका असताना मी लिहिलं असतं: कापूस असेल तर क्विंटलनं गुणा, नाहीतर मोसंबी असेल तर टनानं, नाहीतर दूध असेल तर लिटर घ्या आणि फॅट बघा. नाहीतर, नाहीतर, नाहीतर. पुढच्या वर्षी कुणी रेशीमकोष आणले की प्रोग्रॅमची प्रत्येक शिवण उसवा. डाल-न्यूगोरची रीत उलटी आहे. मुख्य प्रोग्रॅमनं फक्त एवढंच म्हणायचं: “तुझी रक्कम काढ.” ती कशी काढायची हे ज्याचं त्यानं जाणायचं. कापसाला क्विंटल ठाऊक, दुधाला फॅट ठाऊक. नवा माल आला तर तो आपली रीत सोबत घेऊन येईल. जुन्या ओळीला हात लावायला नको. शेतात तुम्ही हेच करता. मालक म्हणतो, “माल घरात आणा.” कापूस वेचतात, भुईमूग उपटतात, ऊस तोडतात, ज्वारी काढतात. हुकूम एक; कृती पिकानं ठरवलेली, आणि तीही ऐन वेळी, पीक समोर आल्यावर.

इथं माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं, आणि त्यासाठी टपरीवरच्या काकांचा रायरंद लागला.

आमच्या गावात बहुरूपी यायचा. एक दिवस पोलीस होऊन, वॉरंट आणलंय म्हणून दटावायचा. दुसऱ्या दिवशी वैदू, तिसऱ्या दिवशी काखोटीला दप्तर मारलेला कारकून. आम्ही पोरं घाबरायचो, आजी हसायची. शेवटच्या दिवशी तो साध्या धोतरात आपल्या तोंडानं यायचा आणि सुपातलं धान्य घेऊन जायचा. अंग एक, रूपं अनेक. रसायनवाल्यांचा पॉलिमॉर्फिझम असा आहे. रिटोनाव्हिर एक, त्याची सोंगं निराळी.

पोलीस पाटलाचं नेमकं उलटं. कुठल्याही गावात जा आणि विचारा, पोलीस पाटील कुठं राहतात? या गावात एक माणूस पुढं येईल, पुढच्या गावात दुसरा, तिसऱ्या गावात कदाचित एखादी बाई. दाखला मागितला तर तिघंही देतील, आपापल्या हस्ताक्षरात. नाव एक, अंगं अनेक. संगणकवाल्यांचा पॉलिमॉर्फिझम हा आहे. शब्द तोच, पण आतून बाहेर उलटलेला, जसा सदरा उलटा घालावा. मुलाखतीत मी सदऱ्याची एक बाजू दाखवत होतो, ते दुसरी मागत होते.

आपल्या तालुक्याचा सगळ्यांत मोठा बहुरूपी पैठणला होऊन गेला. एकनाथ महाराज भारुडांत कधी जोशी होऊन बोलले, कधी गोंधळी, कधी वासुदेव. एक माणूस, किती मुखं. पण भारूड म्हणणारा आज नांदेडला उभा राहतो, उद्या नगरला. तेच भारूड, माणूस निराळा, आणि प्रत्येकाचं पदरचं काहीतरी त्यात. म्हणजे तिथं सदरा दोन्ही बाजूंनी घातलेला आहे.

मोसंबीवरची ती बहुरूपीणही अशीच दुहेरी. जनुकतज्ज्ञाच्या बाजूनं पाहा: जात एक, माद्यांची रूपं तीन. पक्ष्याच्या बाजूनं पाहा: ‘लाल खूण’ हे एक नाव, त्यामागं तीन वेगळ्या जाती. पक्षी पंखाला विचारतो, “लाल आहेस का?” रोझ म्हणते हो, बहुरूपीणही म्हणते हो. पक्षी पुढं काही विचारत नाही. पायथनसारख्या आजच्या भाषांत याला डक टायपिंग म्हणतात: बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, मग बदक समजा, जात विचारत बसू नका. प्रोग्रॅमर हे मोठ्या अभिमानानं सांगतात. पक्षी ते कोट्यवधी वर्षं करत आलेत, आणि फसतही आलेत.

फसवणूक कुठं होते? एकाच्या जागी दुसरं ठेवलं तिथं. बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ च्या एका बीजभाषणात यावर नेम धरला. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: एखाद्याच्या जागी दुसरा बसवायचा असेल तर पहिल्यावर विसंबलेल्या कुणाचाही भरवसा मोडता कामा नये. नुसती हाक तीच असून भागत नाही, हाकेमागचं वचनही पाळलं जायला हवं. मी हे वाचलं तेव्हा मला बॉम्बे ब्लड ग्रुप आठवला. ‘ओ’ कुणालाही चालतो, सर्वदाता आहे, असं आपण शाळेत शिकलो. बॉम्बे गट हा त्या वचनभंगाचा दहा हजारांतला एक प्रसंग. ‘ओ’चं रक्त त्या माणसाच्या हातातल्या सुईच्या टोकाशी पोचतं आणि तिथं लिस्कोव्हबाईंचा नियम मोडतो.

माझ्या हातूनही एकदा मोडला होता. मी लिहिलेल्या हिशेबात परत आलेला माल हाही मालाचाच एक प्रकार धरला होता. “रक्कम काढ” म्हटलं की तोही काढून द्यायचा, पण उणे आकड्यात. बेरीज करणाऱ्या ओळीला उणे आकडा कधी येईल असं वाटलंच नव्हतं. दोन महिने पट्ट्या चुकत होत्या. चूक एका शेतकऱ्यानं पकडली, कागदावर हिशेब करून. त्यानं मला एकच विचारलं, “साहेब, परत गेलेला माल विकलेल्या मालात कसा काय मोजता?” पंचवीस वर्षांत मला मिळालेला तो सर्वांत नेमका शेरा.

वेळ होत आलाय, अध्यक्षांचं घड्याळाकडे लक्ष आहे. समोर शाळेची मुलं बसली आहेत, त्यांच्याकडे माझं एक काम आहे.

उद्या बागेत किंवा दारातल्या कढीपत्त्यावर अळी शोधा. फवारणी झालेलं झाड घेऊ नका. रुंद तोंडाची बरणी घ्या, तोंडाला पातळ फडकं बांधा, रोज ताजा पाला घाला, विष्ठा झाडून काढा आणि आत एक काडी तिरपी ठेवा. अळी हिरवी, मोठी झाली की एक दिवस खाणं सोडेल आणि काडीला स्वतःला दोऱ्यानं बांधून घेईल. मग दहा-बारा दिवस बरणी हलवायची नाही, सर तुरटीच्या बरणीबद्दल सांगायचे तसं. बाहेर येणारं कदाचित साधं लिंबाचं फुलपाखरू असेल. काळं निघालं तर पंख वाळेपर्यंत थांबा आणि लाल ठिपके आहेत का ते पाहा. असले तर ती बहुधा मादी आहे. नसले तर नर असेल, किंवा सोंग न घेतलेली मादी; त्या दोघांत फरक कसा ओळखायचा हे मी मुद्दाम सांगत नाही. काय निघालं ते वहीत तारखेसह लिहा आणि शाळेत जमा करा. मृगानंतर मी पुन्हा येणार आहे, तेव्हा वह्या बघेन.